बैठकीतून उठलेली बाई

सकाळची पहिली चादर अजून इस्त्रीखाली होती, तेवढ्यात मागच्या खोलीतून धाकटी सून काहीतरी पुटपुटत असल्याचा आवाज आला. काकूंनी इस्त्री उभी केली आणि कान दिला.

"दार लावा ना आई, केवढा गारठा येतोय."

दार बंदच होतं. बाहेर असा उकाडा की लाँड्रीतल्या भिंतींनाही घाम फुटलेला. काकू आत गेल्या. सुनेच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. शेजारी गाठोड्यासारखी गुंडाळलेली नवी पोर निवांत झोपली होती. तिला जन्माला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

पुढे दुकान, मध्ये धुण्याची यंत्रं, मागे राहतं घर असा त्यांचा संसार. पुलापलीकडच्या इस्पितळाच्या चादरी इथे धुवायला येत. रोज दुपारी इस्पितळाची गाडी मळक्या चादरी टाकून धुतलेल्या घेऊन जायची. म्हणजे इस्पितळाशी या घराचा रोजचा संबंध, पण फक्त चादरींपुरता. घरातलं माणूस आजारी पडलं तर त्या गाडीकडे बघायचंही नाही, असा आबांचा दंडक.

आबा म्हणजे काकूंचे यजमान. त्या सगळ्या गल्लीचेच ते आबा होते, कारण बैठकीचे प्रमुख तेच. बैठक म्हणजे काय, ते सांगते. कुणाच्या घरी दुखणं जड झालं की ओळखीपाळखीची माणसं जमायची. आजाऱ्याला मधोमध निजवायचं, भोवती डोळे मिटून, हात जोडून बसायचं आणि देवाची करुणा भाकायची. इथवर मला काही म्हणायचं नाही. माणूस हतबल झाला की कुणाला तरी हाक मारतोच, आणि त्या हाकेची टिंगल करणारी मी कोण? पण या मंडळींनी त्याला एक शेपूट जोडलं होतं. प्रमुख बैठक संपली म्हणेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. औषध नाही, डॉक्टर नाही. मध्येच उठणं म्हणजे देवावर अविश्वास. आणि जो उठला त्याच्यामुळे आजारी माणूस दगावतं!

बघा केवढी सोय झाली. आजारी बरा झाला तर बैठकीचा गुण, आणि गेला तर उठणाऱ्याच्या डोक्यावर खापर. त्यामुळे बिचारा जो तो आपला जागेला खिळून बसायचा, समोरच्याचा श्वास अडकताना ऐकू आला तरी.

या घरात तसा एक उठलेला होता. थोरला मुलगा. त्याची बायको अशीच मधोमध निजलेली असताना तो ताडकन उठला आणि डॉक्टरला आणायला दाराकडे निघाला. आजूबाजूच्या चौघांनी बसल्या जागेवरूनच त्याला धरून खाली बसवलं. ती संध्याकाळी गेली. सगळे म्हणाले, "तू उठलास म्हणून गेली." तेव्हापासून त्याला बैठकीला बसू देत नसत. तो मोठ्या यंत्रापाशी काम करी, तिथेच जेवे आणि कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. आपण बायकोला मारलं, हे त्यानं मनापासून मान्य केलं होतं.

"अहो," काकू आबांना म्हणाल्या, "हिला फार आहे. बरळतेय. दुपारी गाडी येईल, तर—"

"तर काय?" आबांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते. सुनेवर त्यांचा जीव होता, हे खोटं नाही. रात्रभर ते तिच्या दाराशी हात जोडून बसले होते. "तिथून कशा चादरी येतात ते तू रोज बघतेस ना? त्या रक्तामांसात पोरीला टाकायची? मी निरोप धाडलाय. मंडळी येतायत."

धाकटा, म्हणजे आजारी पोरीचा नवरा, कोपऱ्यात उभा राहून नखं कुरतडत होता. त्यानं आईकडे बघितलं आणि लगेच थोरल्या भावाकडे. मग मान खाली घातली.

उन्हं चढेपर्यंत माणसं जमली. यंत्रं बंद झाली. मधल्या जागेत सतरंज्या पसरल्या, मधोमध सुनेला आणून निजवलं, शेजारी पोरीला. रंगवाला आला, शिवणयंत्रं दुरुस्त करणारा आला, पोस्टातल्या वहिनी रजा टाकून आल्या. चादरींचे गठ्ठे भिंतीला सारले. थोरला आपण होऊनच मागच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याला सांगावं लागलं नाही.

आबांनी डोळे मिटले. "देवा, तुझं लेकरू तुझ्या पायाशी आहे..."

सगळ्यांनी ओळ उचलली. थोड्या वेळानं रंगवाला नेहमीप्रमाणे घोरायला लागला. त्याला कुणी हटकलं नाही, कारण झोपण्याला मनाई नव्हती, मनाई होती ती उठण्याला.

काकू सुनेच्या उशाशी होत्या. नियम मोडून त्यांनी डोळे किलकिले ठेवले होते. सुनेचे ओठ वाळून पांढरे पडले होते. अंगाला एक विचित्र, आंबूस वास येत होता. काकूंनी तो ओळखला. थोरल्या सुनेच्या अंगालाही असाच वास आला होता. आणि तेव्हा त्या अशाच उशाशी बसून होत्या.

सुनेनं डोळे उघडले. या वेळी ती शुद्धीवर होती.

"आई, मला दवाखान्यात न्या ना. मला मरायचं नाहीये. पोर लहान आहे हो."

आवाज बारीक होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेला. कुणाचे डोळे उघडले नाहीत. उलट करुणा भाकणारे सूर चढले. धाकट्यानं डोळे इतके घट्ट मिटले की त्यातून पाणी बाहेर आलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करणं काय असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बाहेर इस्पितळाच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा.

ड्रायव्हरला घाई असते, आज गठ्ठे तयार नाहीत हे पाहून तो निघून जाणार. पुलाकडे दुसरं वाहन मिळायचं तर अर्धं गाव पायी तुडवावं लागे. त्या उठल्या. गुडघ्यात कळ आली, तरी उठल्या.

सूर तुटले. आबांनी डोळे मिटूनच विचारलं, "कोण उठलं?"

"मी."

"बस खाली."

"नाही बसत. मी हिला घेऊन चाललेय."

"अगं, वेड लागलं का तुला?" आता आबांचे डोळे उघडले. "इतकी माणसं तिच्यासाठी जीव तोडून मागतायत आणि तू मोडतेस? तिचं काही बरंवाईट झालं तर तुझ्यामुळे झालं असं म्हणेल सगळी गल्ली. मीही म्हणेन!"

"म्हणा. खुशाल म्हणा. माझ्या माथी असू दे." काकू सुनेकडे वाकल्या. "तुम्ही मागा हो देवाकडे, मी कुठं नको म्हणते? पण माझे हात मला मोकळे हवेत. धाकट्या, ऊठ, हिचे पाय धर."

धाकट्याची पाचावर धारण बसली होती. तो अर्धवट उठला, आबांकडे बघितलं आणि पुन्हा बसला. काकूंनी एकटीनंच सुनेच्या काखेत हात घातले. उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. भोवती एवढी धडधाकट माणसं, आणि ती साठीची बाई एका तापल्या पोरीला सतरंजीवरून फरफटत नेत होती. हे पाहूनही जे बसून राहिले त्यांच्या भक्तीला काय नाव द्यावं, ते मला सुचत नाही.

मागच्या दारातून थोरला आत आला होता. चेहरा पांढराफटक.

"आई, मी हात लावू का? मी लावला आणि ती..."

"लाव रे! लाव लवकर!"

त्यानं भावजयीला लहान मुलीसारखं उचललं. कुणीतरी "अरे, अरे, तो नको!" म्हणून ओरडलं. पोर जागी होऊन टाहो फोडू लागली, तशी पोस्टातल्या वहिनींनी झटकन तिला छातीशी घेतलं आणि त्या गाडीकडे धावल्या. आपणही उठलो, हे त्यांच्या लक्षात आलं ते पोर काकूंच्या हाती दिल्यावर.

ड्रायव्हरनं आधी तोंड वाकडं केलं. "मावशी, ही चादरींची गाडी आहे, पेशंटची नाही." मग त्यानं थोरल्याच्या हातातल्या सुनेकडे बघितलं आणि पुढे काही न बोलता मळके गठ्ठे रस्त्यावरच ढकलून दिले.

काकू गाडीत खाली बसल्या, सुनेचं डोकं मांडीवर, पोर कुशीत, थोरला पायथ्याशी. गाडी पुलावर हिसके खात होती. आयुष्यभर त्यांनी देवाला आबांच्या शब्दांत हाक मारली होती. आज ते शब्द आठवेनात.

"हे बघ," त्या मनातल्या मनात म्हणाल्या, "तू ऐकतोस की नाही मला माहीत नाही. थोरलीच्या वेळी तर ऐकलं नाहीस. मी काही मागत नाही. फक्त या माणसाला गाडी जोरात हाकू दे."

गाडी जोरात गेली. देवानं हाकली की ड्रायव्हरनं, ते तुम्ही ठरवा.

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात त्या बसून राहिल्या. थोरला भिंतीला टेकून उभा, बाकावर बसायला तयार नाही. पोरीला परिचारिका दूध पाजायला घेऊन गेली होती. दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या चिडलेल्या होत्या.

"इतका उशीर करतं का कुणी? बाळंतपणातलं विष अंगभर भिनत होतं. आज रात्र काढली असती घरी, तर संपलं होतं."

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता वाचेल. औषध लागू पडतंय. पण वेळेवर आणलं असतं तर एवढे हाल झाले नसते तिचे."

काकूंच्या जिवात जीव आला. त्या ओक्साबोक्शी रडल्या. थोरला मात्र रडला नाही. तो डॉक्टरीणबाई गेल्या त्या दाराकडे नुसता बघत राहिला.

मग जिन्यावर पावलं वाजली. आबा आले होते, मागे मान खाली घातलेला धाकटा, आणि बैठकीतली दोघंतिघं. खालीच त्यांना बातमी कळली असावी. आबांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"ऐकलं ना त्यानं!" ते हात जोडून म्हणाले. "तू गेल्यावरही आम्ही बैठक मोडली नाही. शेवटपर्यंत बसलो. म्हणून पोरगी वाचली."

काकूंनी डोळे पुसले. त्या अगदी शांतपणे बोलल्या. नवऱ्याशी इतक्या शांतपणे त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

"थोरली का गेली हो मग?"

"आता तो विषय कशाला?"

"सांगा ना. का गेली?"

आबांनी थोरल्याकडे न बघता म्हटलं, "बैठकीतून उठला तो. सगळ्यांना माहीत आहे."

"आज मी उठले. पोस्टातल्या वहिनी उठल्या. थोरल्यानं तर तिला उचलूनच आणलं. मग ही कशी वाचली?"

आबांचे जोडलेले हात सुटले. रंगवाला आपल्या बोटांवरचा वाळलेला रंग खरवडू लागला. धाकटा बाकाच्या कडेला बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांनीही माना वळवल्या, पण काकूंनी आवाज खाली आणला नाही.

"आई," थोरला म्हणाला. त्याचा आवाज इतका घोगरा होता की क्षणभर कुणालाच ओळखू आला नाही. "म्हणजे तेव्हा... मी उठलो म्हणून नाही?"

"नाही रे बाळा. तू उठलास तेव्हा ती वाचण्यासारखी होती." काकूंनी त्याचा हात धरला. "आम्ही तुला धरून बसवलं. चौघांनी धरलं होतं ना? त्यातला एक हात माझा होता."