कौशल्याचं काळीज

प्रेमिला पडली ती शाळेत, ती शिकवायची त्या चौथीच्या वर्गाच्या दारात. शिपायानं सुट्टीचा टोल अगदी तिच्या कानाशी हाणला. ती दचकली आणि उभ्या उभ्या कोसळली. डोळे पांढरे झाले, हातपाय ताठले, मुलं किंचाळत बाहेर पळाली. शिपाई पाणी घेऊन येईपर्यंत तिनं डोळे उघडले होते आणि "काय झालं?" म्हणून विचारत होती.

लहानपणीही ती अशी पडली होती. तेव्हा आई होती. तिनं अशक्तपणा समजून गूळ-शेंगदाणे खाऊ घातले होते. या वेळी हेडमास्तरांनी ऐकलं नाही. "पोरीला नागपूरला नेऊन दाखवा," असं त्यांनी तिच्या वडिलांना बजावलं.

वडील म्हणजे चंद्रभान. उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांतले, वस्तीत मान असलेले. बोलायचे कमी, पण एकदा बोलले की घरात त्यापुढे कोणी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बापलेक नागपूरला आले आणि विचारत विचारत रामदासपेठेत डॉक्टर देवपुजारींच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी प्रेमिलाचा कार्डिओग्राम काढला. पट्टी टेबलावर पसरून ते बराच वेळ बघत बसले, मोजत राहिले, मग आणखी एकदा काढायला सांगितला. चंद्रभान खुर्चीच्या कडेवर बसून होते.

"मिरगी तर नाही ना, डॉक्टरसाहेब?"

"नाही. दोष मेंदूत नाही, हृदयात आहे." डॉक्टरांनी पट्टी प्रेमिलाकडे फिरवली. "हे बघा बाई, हृदय विजेवर चालतं. थोडीशी वीज येते, एक ठोका पडतो. त्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी हृदयाला पुन्हा सज्ज व्हावं लागतं. तुमच्या हृदयाला त्यासाठी इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. एरवी काही जाणवत नाही. पण ते सज्ज होत असतानाच तुम्ही दचकलात, तर विजेचा गोंधळ उडतो. हृदय नुसतं थरथरतं. रक्त पुढे जात नाही, माणूस पडतो."

"मग मी उठले कशी?"

"बहुतेक वेळा लय आपोआप सापडते." त्यांनी पट्टी गुंडाळली. "प्रत्येक वेळी सापडतेच असं नाही. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तुमच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? आवाजानं, भीतीनं, किंवा पाण्यात?"

"नाही," चंद्रभान म्हणाले.

प्रेमिलानं वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

"आहे," ती म्हणाली. "माझी मोठी बहीण. कौशल्या."

"प्रेमिला, चूप बस."

"चार वर्षं चूपच बसली मी, बाबा."

कौशल्या भिवापूरला दिली होती, रुपरावला. एके दिवशी सकाळी ती विहिरीवर पाणी ओढत असताना रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि कौशल्या दोरीसकट विहिरीत गेली. शेजारची प्रयागबाई तिथंच घागर घासत होती. तिनं सगळ्यांना सांगितलं की आवाज झाला अन् पोरगी डोळे फिरवून आत पडली. पण त्या सकाळी कौशल्याचं सासूशी भांडण झालं होतं, आणि ते अर्ध्या गावानं ऐकलं होतं. पोलीस येणार म्हटल्यावर सासूनं, तुळसाबाईनं, तोंड उघडलं: सून वाया गेली होती, कोणाशी तरी सूत होतं, बोभाटा होईल म्हणून तिनं उडी घेतली. रुपराव खाली मान घालून हो म्हणाला.

आणि चंद्रभाननं ते खरं मानलं. वस्तीत मान खाली गेली म्हणून त्यांनी पोरीचं जलदान, मरणानंतरचा विधी, तोही केला नाही. घरातला तिचा फोटो काढला. तिचं नाव घ्यायचं नाही, असं सांगितलं, आणि ते कोणी घेतलं नाही. आई त्याच दुःखात वर्षभरात गेली.

प्रेमिलानं हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावू लागले.

"म्हणजे तिनं उडी मारली नव्हती?"

"मी तिला तपासलेलं नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "शपथेवर सांगता येणार नाही. पण बहिणीला हा दोष, मोठा आवाज, त्याच क्षणी पडणं... मला विचाराल तर ती पाण्यात पडण्याआधीच तिची शुद्ध हरपली असावी. तिला मुलंबाळं?"

"एक मुलगी. विशाखा. तिकडेच असते."

"तिला आणा. उद्याच आणा. गोळ्यांनी हे आवरता येतं, पण आधी कळायला पाहिजे." मग ते चंद्रभानकडे वळले. "आणि तुम्ही झोपा टेबलावर. तुमचाही काढू."

चंद्रभानच्या पट्टीवर तेच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं की काहींना जन्मभर त्रास होत नाही, दोष मात्र पुढे जातो. चंद्रभान सदऱ्याची बटणं लावत होते. वरची खालच्या काजात गेली, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली प्रेमिला थांबली.

"ऐकलं ना, बाबा? तिच्यात खोट होती ते तुमी सगळ्या वस्तीले सांगतलं. कोणाची होती ते आता समजलं."

"मले काय माहीत होतं गा..." ते पुटपुटले. पुरुषाला म्हणतात तसं पोरीला 'गा' म्हटल्याचंही त्यांना कळलं नाही.

"हा रोग माहीत नव्हता. पण पोरगी तर माहीत होती? ईस वर्षं तुमच्या मागाजवळ बसून कांड्या भरल्या तिनं. प्रयागबाई ओरडून सांगत होती, तिचं काहून नाही ऐकलं? रुपरावचं काहून ऐकलं?"

रस्त्यावरून सायकलरिक्षा जात होत्या, आणि एका रिक्षावाल्यानं विचारलंही, "बस स्टँड, बाबूजी?" प्रेमिला न विचारताच रिक्षात चढून बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं भिवापूरला उतरले. मिरच्यांचे दिवस होते. रुपरावच्या अंगणात लाल सडा पसरला होता आणि बाया डोक्याला फडकी बांधून देठं खुडत होत्या. त्यांच्यात प्रयागबाईही होती. तुळसाबाई खाटेवर बसून होती. कोपऱ्यात विशाखा डोळे चोळत उभी होती. आलेली बाई आपली मावशी आहे, हे तिला ओळखू आलं नाही.

"चार वर्षांनी वाट सापडली, इहीबाबा?" व्याह्यांना बघून तुळसाबाई म्हणाली.

"पोरीले न्यायले आलो," प्रेमिलाच बोलली. "नागपूरले डॉक्टरले दाखवाचं हाय." आणि तिनं थोडक्यात सगळं सांगितलं.

रुपराव आतून आला. "माही पोट्टी धडधाकट हाय. तुमच्या घरचे रोग आमच्या घरी आणू नका."

"कधी पडते का ती? दचकून?"

"नाटकं करते," तुळसाबाई म्हणाली. "पोळ्याले बाजा वाजला तं धाडकन पडली. मायवर गेली. दोन हाणल्या अन् उठली."

प्रेमिला खाटेजवळ गेली. तिला स्वतःचा ठोका कानात ऐकू येत होता, आणि डॉक्टरांनी राग आवरायला सांगितलं होतं, तेही आठवत होतं.

"हाणल्या? मरत होती ती पोरगी तवा! माझ्या बहिणीले मेल्यावर रांड म्हटलं तुमी. पोलिसाच्या भेवानं. तिचं काळीज थांबलं होतं, अन् तुमी तिच्या नावानं बाजार मांडला. आता या लेकराचं थांबू देता का? अन् मंग हिले काय म्हणसान? पाच वर्षांची पोरगी कोणासंग गेली होती म्हणसान?"

देठं खुडणाऱ्या बायांचे हात थांबले.

"आवाज खाली कर," रुपराव म्हणाला. "गाव ऐकून राहिलं."

"ऐकू दे. तवाही गावच ऐकत होतं."

रुपरावनं विशाखाचा दंड धरून तिला आत ओढलं. तेव्हा इतका वेळ अंगणाच्या कडेला उभे असलेले चंद्रभान पुढे आले. मिरच्यांचा सडा तुडवत ते थेट दारात जाऊन उभे राहिले.

"जवाईबापू, पोरीले सोडा."

"तुमीच म्हटलं होतं, आमची पोरगी आमाले मेली. आता कोणत्या तोंडानं आले?"

"याच तोंडानं." चंद्रभान अंगणाकडे वळले. त्यांचा आवाज फाटत होता. "बायांनो, ऐका. माझ्या कौशल्यानं जीव नाही दिला. तिच्यात वाईट काही नव्हतं. तिच्या काळजातला दोष माझ्यातून गेला. मी बाप असून तिच्यावर थुंकलो. प्रयागबाई खरं बोलत होती, अन् मी तिले खोटी म्हटलं."

प्रयागबाई उठली. हातावरची मिरची लुगड्याला पुसत तिनं रुपरावकडे पाहिलं. "मी तवाही सांगतलं, आताही सांगतो. तिनं उडी नाही घेतली. दे त्या पोरीले त्यायच्या हाती. नाही तं चाल, जाऊ आपण सरपंचाकडे, मी तिथंही सांगतो."

बाकीच्या बायाही एकेक करून उभ्या राहिल्या. रुपरावनं त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दंड सोडला. माफी त्यानं मागितली नाही. तुळसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली.

विशाखाची पट्टी तशीच निघाली. डॉक्टर देवपुजारींनी तिघांनाही गोळ्या लिहून दिल्या, एकही चुकवायची नाही म्हणून सांगितलं. पुढे रुपराव पोरीला न्यायला एकदा उमरेडला आला, तेव्हा प्रेमिलानं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यानं दुसरं लग्न केलं, नंतर तो आला नाही. विशाखा मावशीच्याच शाळेत जाऊ लागली.

चंद्रभाननं विहारात सगळ्या वस्तीसमोर कौशल्याचं जलदान केलं. जेवण दिलं, फोटो भिंतीवर लावला, तिचं नाव मोठ्यानं घेतलं. लोक म्हणाले, बापानं मोठं मन दाखवलं. हे ऐकून प्रेमिला पंगतीतून उठली आणि घरी गेली. मोठं मन कसलं? चार वर्षं एका मेलेल्या पोरीला बदनाम ठेवायचं, आणि मग डॉक्टरनं सांगितल्यावर कबूल करायचं, यात मोठं काय? पुढेही तिनं वडिलांना रोज जेवायला वाढलं, गोळी हातावर ठेवली, आजारपणात त्यांची सेवाही केली. पण त्यांच्याशी ती कामापुरतंच बोलत राहिली.

एकदा वेणी घालून घेताना विशाखानं विचारलं, "मावशी, भिवापूरची आजी म्हणे, माय मले सोडून गेली. काहून गेली वं?"

मागावर चंद्रभानचा धोटा थांबला.

"गेली नाही," प्रेमिला म्हणाली. "ती तुह्यासाठीच पाणी भरत होती. तुह्या आजीनं खोटं सांगतलं. अन् तुह्या आजोबानं ते खरं मानलं. मान सरळ ठेव, वेणी वाकडी होऊन राहिली."