बटण दाबा, गोष्ट ऐका

हिरामणचा पेणला गणपतीचा कारखाना होता, वडिलांपासून चालत आलेला. तो मूर्ती घडवायचा आणि त्याची बायको मालू डोळ्यांची आखणी करायची. आखणी म्हणजे रंगकामातलं शेवटचं काम. तिथे हात हलला की सगळी मूर्ती बिघडते. मालूचा हात हलत नसे. लग्न होऊन निडीहून आली तेव्हा ती नुसते रंग कालवून द्यायची. मग हळूहळू ब्रश तिच्याकडे गेला आणि तिच्याकडेच राहिला. गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं की आधी डोळे बघायचं, आणि हिरामणला त्याचं बरं वाटायचं. दोघांना मूल नव्हतं. दिवसभर एका छपराखाली दोघं आपापलं काम करत बसायची. बोलणं फार होत नसे, पण एकटंही वाटत नसे.

त्या वर्षी गणपती झाल्यावर कोलाडकडच्या एका शेठचा निरोप आला. नदीकाठी त्याने रिसॉर्ट काढलं होतं. शेठ बायकोला घेऊन ग्रीसला फिरून आला होता आणि तिथले देव त्याच्या मनात भरले होते. ते सगळे त्याला आपल्या बागेत उभे करायचे होते, फायबरमध्ये, पांढरेशुभ्र. हिरामणने फोटो बघितले. एक दाढीवाला, एक त्रिशूळ घेतलेला, एक पायांना पंख असलेला.

"करू," तो म्हणाला. "ह्यांना सोंड नाय, एवढाच फरक."

देव पटापट झाले. अडलं ते एका बाईवर. तलावाच्या काठी उभी करायची ती मूर्ती कमरेपर्यंत उघडी होती. ती कोण, हे शेठलाही सांगता येत नव्हतं. फोटो आवडला म्हणून घेतला होता. हिरामणने चेहरे करून पाठवले. दर वेळी शेठ फोनवर म्हणे, "ही गौर वाटते हो. हिला हळदीकुंकू लावावंसं वाटतं. मला जिवंत बाई पाहिजे." शेवटी एका दुपारी मालू समोर बसून तांदूळ निवडत असताना हिरामणने मातीचा गोळा हातात घेतला आणि फोटोकडे न बघताच चेहरा केला. आपण काय करतोय याचा त्याने विचार केला नाही. हात चालत गेले. तो चेहरा शेठला लगेच पसंत पडला. मूर्ती साच्यातून निघाली, पांढरी झाली, टेम्पोत चढली. तिला डोळे आखायचे नव्हते, त्यामुळे मालूने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

त्याच दिवसांत जनू कारखान्यात यायला लागला होता. जनू रोह्याला कॉलेजात शिकवायचा. ग्रीक देवांना रोहा तालुक्यात आणून बसवलेल्या गोष्टींचं त्याचं एक पुस्तक आलं होतं. ते वाचून शेठने त्याला प्रत्येक मूर्तीसाठी एकेक गोष्ट लिहायला सांगितलं होतं. मूर्तीशेजारी खांबावर बटण असणार आणि ते दाबलं की गोष्ट ऐकू येणार. मूर्ती बघायच्या निमित्ताने जनू यायचा आणि चहा पीत गोष्टी सांगत बसायचा. त्याच्या गोष्टीत देवांचा राजा सरपंच होता, आणि बायकोची नजर चुकवून बैलाच्या रूपात शेजारच्या गावात जायचा. पाताळात पळवून नेलेली पोरगी भाताच्या लावणीला माहेरी यायची आणि कापणी झाली की नवरा जीप घेऊन तिला न्यायला यायचा. डोंगरावर धोंडा चढवत राहायची शिक्षा झालेला माणूस खडीच्या खाणीवर कंत्राटी होता.

मालू हसता हसता ब्रश खाली ठेवायची. "हे तर आपलेच लोक हायत," ती म्हणायची. "त्यांचे देव पन असलेच?"

"असलेच, काकू. मी फक्त पत्ता बदलतो."

एकदा त्याने पिग्मॅलियनची गोष्ट सांगितली. पिग्मॅलियन मूर्तिकार होता. त्याला बायकांचा तिटकारा होता. त्याने हस्तिदंताची एक बाई घडवली आणि तिच्यावरच त्याचा जीव जडला. देवीला दया आली आणि तिने मूर्तीत प्राण घातला.

"तिला इचारलं का कुनी?" मालू म्हणाली. "जित्ती व्हायचंय का म्हनून?"

जनू हसला नाही. "हे मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला. मग आणखी एक चहा घेतला आणि सहज बोलावं तसं तिचं माहेर कुठलं, गाडीने किती वेळ लागतो, असं काहीबाही विचारलं. तलावाकाठच्या बाईला कुठली गोष्ट द्यायची हे त्याचं तेव्हाच ठरलं असावं.

रिसॉर्ट उघडल्यावर बचत गटाच्या बायकांची सहल तिथेच गेली. हिरामणची भावजय सरू गटाची अध्यक्ष होती, तिनेच गाडी ठरवली. मालू उत्साहाने गेली. आपल्या नवऱ्याने केलेले देव तिने बायकांना एकेक करून दाखवले, बटणं दाबून गोष्टी ऐकवल्या. सरपंचाच्या गोष्टीला बायका इतक्या हसल्या की माळी बघायला आला.

तलावाशी आल्यावर सरूने बटण दाबलं. एका बाईचा गोड आवाज बोलू लागला. पेण गावात एक मूर्तिकार होता. त्याने जन्मभर गणपती केले आणि त्याच्या बायकोने गणपतींचे डोळे आखले. एकदा त्याने एक बाई घडवली आणि तो तिच्या प्रेमात पडला. बायको म्हणाली, तिला कुणी विचारलं का, जिवंत व्हायचंय का म्हणून? तेव्हा मूर्तिकाराने बायकोला माहेरी जायला निडीच्या गाडीत बसवून दिलं. पुढे मूर्ती जिवंत होत होती आणि खरी गंमत तिथून सुरू होत होती. तिला भाकरी थापता येत नव्हती, पाणी दिवसाआड का येतं हे कळत नव्हतं, आणि शेवटी कंटाळून ती देवीला म्हणत होती, मला परत होती तशी कर.

सवयीने बायका हसत होत्या. मग एकेक थांबली.

"गो मालू," सरू हळू आवाजात म्हणाली, "वर बघ. तोंड तुजं हाय."

मालूने वर बघितलं. नाक तिचं होतं. हनुवटी तिची होती, वरचा ओठ किंचित उचललेला, तोही तिचा. तिशीत ती अशी दिसायची. त्याखालचं उघडं अंग मात्र तिचं नव्हतं, पण ते ती आणि हिरामण सोडून कुणाला माहीत असणार. बाजूला एक जोडपं फोटोसाठी खोळंबलं होतं. बायका सरकल्यावर तो माणूस पुढे झाला आणि त्याने मूर्तीच्या कमरेभोवती हात टाकला.

संध्याकाळी मालू घरी आली, हातपाय धुतले, आणि हिरामणसमोर बसली.

"मी त्यातली कोन?" तिने विचारलं. "वरती उघडी उभी हाय ती, का गाडीत बसवून दिली ती?"

हिरामणला आधी काहीच कळलं नाही. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मी मुद्दाम नाय केलं," तो म्हणाला.

"ते मला ठाव हाय. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

सहलीत कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. ते पेणभर फिरलं. निम्मे लोक म्हणायला लागले, मालूच नवऱ्यासमोर तशी बसली असणार. बाकीचे म्हणाले, हिरामणने कोलाडला बाई ठेवलीय आणि मालूला सोडणार आहे. दोन्हींचा मेळ बसत नव्हता, पण तो कुणी घालतही नव्हतं. कारखान्यात येणारी माणसं आता मूर्तीच्या डोळ्यांकडे बघायची सोडून आखणाऱ्या बाईकडे बघायला लागली. मालू आठवडाभर खाली मान घालून बसली. नंतर आलीच नाही.

हिरामण शेठकडे गेला. शेठने चहा मागवला, त्याला खुर्ची दिली.

"चेहरा बदलून देतो," हिरामण म्हणाला. "काय घेनार नाय मी."

"अहो, लोक हायवे सोडून आत येतात ते तिच्यासाठी. चेहरा बदलला तर ती ती राहील का?" शेठ समजावणीच्या सुरात बोलत होता. "वहिनींना सांगा, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं केवढं नाव झालंय."

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की या माणसाला काहीतरी चांगलं मिळालंय आणि ते त्याला कळत नाहीये. हिरामणने चहा संपवला आणि तो उठला.

तिथून तो रोह्याला जनूकडे गेला. ऐकता ऐकता जनूचा चेहरा उतरला.

"काका, चेहऱ्याचं मला माहीत नव्हतं. आणि काकूंचं ते वाक्य इतकं चांगलं होतं की सोडवेना. पण ही गोष्ट आहे. मी टर उडवली ती ग्रीकांची."

"ग्रीक हितं कोन हाय?" हिरामणने विचारलं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

जनू त्याच्याबरोबर शेठकडे गेला. गोष्ट काढून टाका म्हणून त्याने हात जोडले. शेठ म्हणाला, रेकॉर्डिंग झालंय, गोष्ट आता रिसॉर्टची आहे. तुम्हाला दुसरी सुचली तर जरूर द्या, आपण कारंज्यापाशी लावू. मग जनूने स्वतःच्या बुद्धीने एक उपाय केला. रोह्याच्या एका साप्ताहिकात त्याने माफीचा मजकूर छापून आणला: सदर कथेचा पेण येथील मूर्तिकार हिरामण व त्यांच्या पत्नी मालूबाई यांच्याशी काहीही संबंध नाही. ज्यांना आतापर्यंत पत्ता नव्हता त्यांनाही त्यामुळे कळलं. पुढच्या रविवारी नागोठण्याहूनही लोक कारखाना बघायला आले.

जनू पेणला त्यांच्या घरी आला, पण आत यायला धजेना. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मालूने त्याला पाणी दिलं.

"आता तू काय लिवू नको," ती म्हणाली.

"नाही लिहीत, काकू."

"चांगलं लिवतोस. पन आता नको."

मग मालूच्या भाचीचं लग्न निघालं, निडीला. नाथा हा तिचा एकुलता भाऊ. एरवी अशा वेळी मालू आठ दिवस आधी जायची. या वेळी ती पिशवी भरायची आणि रिकामी करायची.

"मी एकटी निडीला उतरले तर लोक म्हनतील, बगा, आली. नाय गेले तर भाऊ तुटंल," ती म्हणाली. "तुमी संगं चला. आनि संगंच ऱ्हा."

दोघं गेली. हिरामण कारखाना बंद ठेवून लग्नघरात बसून राहिला. बायका हळद कुटत होत्या तिथे ओसरीवर, पत्रावळी मोजत होते तिथे कोपऱ्यात, मालू दिसेल अशा जागी. दुकानात जाऊन येतो म्हणाला तरी ती उठून उभी राहायची. हळदीच्या संध्याकाळी नाथाने त्याला गोठ्यामागे नेलं.

"दाजी, खरं सांगा. तिला सोडायला आलाव का?"

"लग्नाला आलोय, नाथा."

"काय असंल ते बोला. भन हाय माजी. मी सांभाळीन तिला."

"तसं काय नाय रे. शप्पत."

नाथाने मान हलवली, पण ती मानल्यासारखी नव्हती. जेवढं बोलू तेवढं ते खोटं वाटत जाणार, हे हिरामणला आता कळायला लागलं होतं. परत निघाले तेव्हा निम्मं लग्नघर त्यांना पोचवायला स्टेशनवर आलं, आणि दोघंही गाडीत चढेपर्यंत कुणी हललं नाही.

मालू पुन्हा कारखान्यात आली नाही. हिरामण मूर्ती हातगाडीवर घालून घरी आणायचा, ती मागच्या पडवीत डोळे आखायची आणि तो त्या परत न्यायचा. मोठ्या मूर्ती आणता येत नसत; त्यांचे डोळे दुसऱ्या माणसाने आखले. ते वाईट नव्हते.

पावसाळा सरल्यावर शेठचा फोन आला. तलावाकाठची मूर्ती शेवाळाने काळी पडली होती, रंग द्यायला हवा होता. हिरामण नाही म्हणाला. शेठ म्हणाला, हरकत नाही, पेणला दुसरे पुष्कळ आहेत.

"जा तुमी," मालू म्हणाली. "तिच्या तोंडाला दुसऱ्यानं हात लावन्यापेक्षा तुमी लावा."

तो गेला. शिडी लावून त्याने शेवाळ घासून काढलं, मूर्ती धुतली, सुकू दिली. दुपारी चेहऱ्याला पांढरा रंग द्यायला घेतला. रंग झटकन वाळणारा होता. मध्ये थांबलं की गालावर रेघ उमटते. कपाळ झालं, नाक झालं, आणि खाली एक कुटुंब येऊन उभं राहिलं. कुणीतरी बटण दाबलं.

पेण गावात एक मूर्तिकार होता, आवाज बोलू लागला.

खालच्या माणसांनी खांबाकडे बघितलं, मग शिडीकडे. "बघा, मूर्तिकारसुद्धा ठेवलाय," त्यातली बाई कौतुकाने म्हणाली. माणसाने मोबाइल वर केला. "काका, जरा इकडे बघता का?"

हिरामण बघत नाही असं दिसल्यावर ते म्हणाले, काम करतानाचाच चांगला येतोय. निडीची गाडी आली तेव्हा ते हसले, भाकरीपाशी मोठ्याने हसले. हिरामणने एक गाल पुरा केला आणि ब्रश बुडवून दुसरा घेतला. गोष्ट संपली. मागून आलेल्यांना सुरुवात ऐकायला मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी बटण पुन्हा दाबलं.