भूक जिंकलेली भागीरथा

एकोणीसशे छप्पनचा जानेवारी. गोंडपिपरीकडच्या त्या खेड्यात एवढी माणसं लोटली होती की बैलबंड्या सोडायला जागा उरली नव्हती. सगळ्यांचे डोळे मांडवात बसलेल्या भागीरथेवर. गुणवंतरावांच्या या सुनेनं तीन महिने अन्नाचा कण घेतला नव्हता म्हणे.

"पाहा, मायबापहो!" झिंगूबुवा गरजला. "ना भात, ना भाकर! देवतुपाचे चार लाडू, अन् दिवसभर भूक नाई! चुली विझवा, भक्ती पेटवा!"

देवतूप तो सर्वांसमक्ष करायचा. वाटीतल्या कोमट पिवळ्या तेलावर मंत्र फुंकायचा, वाटी गार पाण्याच्या परातीत ठेवायचा, आणि थोड्या वेळात तेल थिजून पांढरट तूप व्हायचं. लोक लोटांगण घालायचे.

भागीरथेचा नवरा दसरू माजरीच्या कोळसा खाणीत कामाला. तो नसताना सासऱ्यानं दसऱ्याला तिला इथं आणून बसवलं. "एक शीत पोटात गेलं तर गावची लेकरं तापानं जातील," बुवानं बजावलं होतं. तिची दीड वर्षाची पोर त्याच गावात होती. ती दुरून हात पसरायची आणि भागीरथेला मान फिरवावी लागायची.

पळावं तर पळायचं कशाच्या जोरावर? बुवा खोटा आहे असं मनात आलं की पोट उलट साक्ष द्यायचं. भूक खरंच लागत नव्हती. सासरच्या वरणाचा वास आला तरी मळमळायचं. आपणच आपल्याला फितूर झालो, असं तिला वाटायचं.

त्या सकाळी देवीची लस टोचायला डॉक्टर आशाबाई आल्या. कोणी दंड पुढे करेना. "भागीरथामातेचं तीर्थ घेतलं आमी, लस काऊन?" म्हणू लागले. आशाबाई थेट मांडवात शिरल्या. त्यांनी भागीरथेच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"बुवा, तुमचं तेल मलाही द्या. तुम्ही मंत्र म्हणा, मी शिव्या देते."

हशा पिकला. बुवाला नाही म्हणता येईना. दोन वाट्या परातीत ठेवल्या. आशाबाईंनी आपल्या वाटीला जी लाखोली वाहिली, ती ऐकून म्हाताऱ्यांनी कान झाकले. दोन्ही वाट्या सारख्याच थिजल्या.

"हे तर टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल!" गर्दीतली मनकर्णा ओरडली. "हिवाळ्यात माह्या घरीबी थिजते!"

"बरोबर," आशाबाई म्हणाल्या. "सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्यांची सैल राहते. तेला-तुपाचे कणही तसेच. टोरीत सरळ कण बरेच, म्हणून थंडीत ते थिजतं."

"मंग मातेची भूक कुठी गेली?" बुवा उसळला.

"कुठंच नाही. स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की आतडं पोटाला म्हणतं, हळू सोड. पोट भरलेलं राहतं, भूक दबते. अन् ही उपाशी कुठं आहे? तोळाभर तेलात तोळाभर तांदळाच्या दुपटीहून जास्त ताकद असते, वर लाडवात गूळ! जीव तगला, पण डाळीनं जे मिळतं ते मिळालं नाही, म्हणून अंग झिजलं, पाय सुजले. आणखी महिनाभरानं तुम्ही हिची तिरडी बांधली असती."

गुणवंतराव पुढे झाले. "सूनबाई, गावाचं भलं पाहा. बोलू नको."

भागीरथेनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मले पेज द्या," ती म्हणाली. "अन् माही पोरगी द्या."

मनकर्णेनं वरणाचं पाणी घातलेली पेज आणली. भागीरथा हुंदके देत, घोट घोट करून ती प्याली. आया आपापली लेकरं छातीशी धरून श्वास रोखून उभ्या होत्या. घटका गेली, तरी एकाही लेकराला काही झालं नाही. मग पहिला दंड मनकर्णेनं लसीसाठी पुढे केला. झिंगूबुवा मागच्या कुडातून केव्हा निसटला, ते कोणाला कळलंच नाही.

बायाबापड्यांनो, भूक मरणं म्हणजे अन्नाची गरज मरणं नव्हे. कोणी न जेवता जगतं असं सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: त्याच्या तोंडात काय जातं, आणि ते कोण घालतं?