मनगट कुणाचं, बोलणं कुणाचं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर मनगटबाबा (हे नाव माझं, भक्त ‘गुरुजी’ म्हणत) आणि शेजारी माझ्या वर्गातली नऊ वर्षांची मुलगी. स्वमग्न. तोंडाने एक शब्द बोलत नाही. बाबांनी तिचं मनगट धरलं होतं आणि तिचं बोट पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून सरसर फिरत होतं.

‘‘आई, शाळा नको. तू नोकरी सोड. मला रोज इथे आण,’’ बाबांच्या शिष्येने अक्षरं जुळवून वाचलं.

हुंदके फुटले. मुलीची आई माझ्या शेजारीच बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात ती काज-बटण करते. घरात कमावणारी ती एकटीच.

‘‘बाई, उद्याच राजीनामा देते,’’ ती मला म्हणाली. ‘‘नऊ वर्षांनी लेक बोलली. तिचं ऐकू नको?’’

माझं डोकंच फिरलं. चित्रांची कार्डं दाखवून ‘पाणी’ आणि ‘पुरे’ मागायला शिकवण्यात माझी दोन वर्षं गेली, आणि हे महाशय दहा मिनिटांत वाक्यं काढतात! मी पोरीकडे नीट पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. पुठ्ठ्यावर खिळलेले डोळे बाबांचे होते.

मी मंचावर गेले. ‘‘गुरुजी, बोलतेय ती. मग तुम्ही डोळे मिटलेत तर चालेल ना?’’

‘‘आत्म्याची परीक्षा घेता?’’ बाबा गरजले. ‘‘दिव्य ऊर्जा मनगटातून वाहते, बाई!’’

‘‘मनगटातूनच ना? मग डोळ्यांचं काय काम?’’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. आईनेच भक्तिभावाने आपली ओढणी त्यांच्या डोळ्यांवर बांधली. मी मुलीसमोर चेंडू धरला. ‘‘हे काय आहे, सांगू दे तिला.’’

बोट फिरलं. ‘‘ठ... ण... ग... ळ...’’ शिष्या अडखळली. पुढच्या खेपेला बोट पुठ्ठा सोडून थेट बाबांच्या गुडघ्यावर गेलं.

‘‘मनगट धरणाराच बोट नेतो,’’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘‘कधी जाणूनबुजून, कधी त्याच्याही नकळत. ती यातलं काहीच बोललेली नाही.’’

आईने हळूच विचारलं, ‘‘गेल्या आठवड्यात ‘आई, तू मला आवडतेस’ असं आलं होतं. तेही त्यांचंच?’’

‘‘हो.’’ खोटं बोलावंसं फार वाटलं.

लोक चपला शोधू लागले. मला राहवेना. ‘‘हिच्या नावावरचं खोटं बोलणं ऐकायला एवढे जमलात! नऊ वर्षांत कुणी हिला आपल्या पोरांत खेळायला घेतलंत? हिच्या आईला तासभर झोप मिळावी म्हणून कुणी दार वाजवलंत? उद्या शाळा सुटल्यापासून आईची कारखान्यातली पाळी संपेपर्यंत हिला कोण सांभाळणार, ते सांगा!’’

गर्दीतून त्यांची शेजारीण पुटपुटली, ‘‘मी सांभाळीन. पण हिला काय हवं-नको, मला कसं कळणार?’’

‘‘हिच्या आईला विचारा,’’ मी म्हणाले. ‘‘नऊ वर्षं तिला कुणी विचारलेलंच नाही.’’