सुरुचीच्या मांडीवरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. माझ्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. पाहुणे आले की सुरुची मला उलटी ठेवते. तो डाग कसा पडला ते आज मीच सांगून टाकते, कारण घरातलं दुसरं कुणी सांगेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यातला. सुरुचीच्या सासूबाईंनी, अनसूयाबाईंनी, जुन्या गादीतला कापूस पिंजून घेतला, आपल्या हिरव्या लुगड्याचा अभ्रा शिवला आणि मला गच्च भरलं. तेव्हा त्यांचं बैठं घर होतं. आता त्याच जागेवर बिल्डिंग आहे आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. सुरुची सून म्हणून घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिने मला मांडीवर घेतलं. तेव्हापासून मी तिची.

सुरुची घरूनच काम करते. सिनेमा लोकांसमोर यायच्या आधी तो कोणत्या वयाला चालेल, हे तिच्या कंपनीला सांगावं लागतं. म्हणून सुरुची तो आधी बघते. कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहिते आणि पुढे 'सौम्य', 'मध्यम' किंवा 'तीव्र' असा शेरा मारते. तिच्या वाट्याला आले भयपट. साधे भुताखेतांचे नव्हेत हं! माणसाच्या शरीराचे तासन्तास हाल दाखवणारे, बघणाऱ्यालाच लाज वाटावी असे. त्यात काय असतं ते मी सांगणार नाही, विचारूही नका.

सुरुवातीला काय दाबायची मला, बाई गं! दहाही बोटं आत रुतायची. कधी माझ्यात तोंड खुपसून बसायची. माझ्या कापसाच्या गुठळ्या झाल्या, पण मला त्याचा अभिमान होता. पडद्यावरचं माणूस कळवळलं की तिची बोटं कळवळायची.

मग ऑफिसातले म्हणू लागले, "सुरुचीला द्या, ती काहीही बघू शकते." हे कौतुक तिला फार आवडलं. हळूहळू बोटं सैल पडली. एक हात शेंगदाण्याच्या वाटीत जाऊ लागला. मी मांडीवरून पाठीमागे गेले, पाठीमागून खुर्चीच्या कडेला. दाब नाही म्हटल्यावर माझी तब्येत सुधारली म्हणा! पण कानात किंकाळ्या चालू असताना ती जांभई द्यायची, तेव्हा मला तिची धास्ती वाटायची. ही पोरगी अशीच राहिली तर?

एका दुपारी अनसूयाबाई स्वयंपाकघरात विळीवर बोंबील साफ करत होत्या. विळी सरकली. तळहात धरून त्या बाहेर आल्या, रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. सुरुचीने हेडफोन काढला, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "इतकं पातळ नसतं. नकली वाटतंय."

अनसूयाबाईंनी हात तिच्यापुढे धरला. "नकली? अगो, हात माझा हाय. नकली कसा असंल?"

सुरुचीचा चेहरा पांढराफटक पडला. हाताला आले ती मीच. तिने मला त्या तळहातावर दाबलं, सासूला रिक्षात घातलं आणि मीरा रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. सात टाके पडले. पहिल्याच टाक्याला अनसूयाबाई "आई गं!" म्हणून ओरडल्या आणि सुरुचीची बोटं माझ्यात रुतली. किती महिन्यांनी! दुखलं मला, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू.

येताना रिक्षात ती रडली. "आई, मला तुम्ही दिसलाच नाहीत हो. नुसतं रक्त दिसलं."

"आता दिसतंय न्हवं? मंग झालं," अनसूयाबाई म्हणाल्या. "घरी जाऊन आधी बोंबील फ्रीजमध्ये टाक."

मला साबणाने तीनदा धुतलं. डाग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुरुचीने आदल्या दुपारी चालू असलेला तोच सिनेमा पुन्हा लावला. त्यात एका म्हातारीचे हाल होते आणि शेंगदाणे खाता खाता सुरुचीने तिथे 'मध्यम' लिहून ठेवलं होतं. आता मी मांडीवर होते. या वेळी तिला तो प्रसंग सलग बघवला नाही, तीनदा थांबली. मग 'मध्यम' खोडून 'तीव्र' लिहिलं आणि खाली कुणी न विचारलेली एक ओळ टाकली: 'ही बाई कोण, हे सिनेमाने एकदाही दाखवलेलं नाही.' त्याच दिवशी तिने ऑफिसला कळवलं, असा सिनेमा आठवड्यातून एकच, जास्त नाही. "काहीही बघू शकते" हे कौतुक आता बंटी नावाच्या कुणाला मिळतं. मिळू दे बापडं.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि भीतीदायक सिनेमे बघाल. खुशाल बघा. भीती वाटली तर लाजू नका, आपल्या उशीला घट्ट धरा. गुठळ्या झाल्या तरी ती काही बोलणार नाही. पण ज्या दिवशी तिला धरावंसं वाटणार नाही, त्या दिवशी सिनेमा थांबवा, उठा आणि घरात कोण कोण आहे ते एकदा बघून या.