दोनदा फिरणारं कुलूप

"सरकारने लोकांच्या आयुष्यात कमी लुडबुड करावी असं तुम्ही म्हणता. मग त्याच सरकारात शिरायला तुमची एवढी धडपड कशाला?"

हा प्रश्न मी भर सभेत विचारला, आणि तोही माझ्या सख्ख्या बाबांना. पैज मैत्रिणींनी लावली होती. मधल्या सुट्टीत तिघी म्हणाल्या की तू घरात वाघीण आणि बाहेर गोगलगाय, हिंमत असेल तर हा प्रश्न भर सभेत विचारून दाखव. वर्षापूर्वी हे खरं होतं, वर्गात हजेरीला नाव आलं तरी माझे कान लाल व्हायचे. पण यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझी जीभ अशी सुटली आहे की बाबा मला टकळी म्हणतात. म्हणून पैज घेतली. खरं सांगायचं तर पैज नुसतं निमित्त होतं. मला त्या प्रश्नाने एकीचा तोरा उतरवायचा होता.

ती एक म्हणजे समोरच्या इमारतीत खोली घेऊन राहणारी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली ताई. तोंडावर ताई. मनात वकिलीणबाई.

बाबा कुलूप-किल्लीवाले आहेत. दुकान एवढंसं: किल्ली कापायचं यंत्र, कानशींचा डबा, एक स्टूल आणि भिंतीवर एक फळी. फळीवर पासष्ट खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर गल्लीतल्या एका घराची जादा किल्ली. कुणी बाहेर अडकलं की येतं, किल्ली नेतं, परत आणून देतं. माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच चाललंय. किल्ल्यांवर नाव नाही, पत्ता नाही, फक्त दोरे. निळ्या-पिवळ्या दोऱ्याचा पीळ दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. राखाडी दोरा पियानो दुरुस्त करणाऱ्या आजोबांचा. कुठला दोरा कुणाचा हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, बाबांना आणि मला. शाळा सुटली की मी त्या स्टुलावर बसून दोरे पाठ करायचे, पाढ्यांसारखे.

मग नगरपालिकेचा नवा नियम आला. प्रत्येक किल्लीची वहीत नोंद करायची, नाव, पत्ता, मजला सगळं लिहायचं, आणि किल्लीची एक प्रत सुरक्षेसाठी कचेरीत जमा करायची. बाबांनी तो कागद तीनदा वाचला. म्हणाले, चोराला जी यादी हवी असते ती आपण सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची, वर कचेरीत नेऊनही ठेवायची. आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात माईक हातात धरला नव्हता, त्याने दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला.

बाबा सरकारवर चिडलेले नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्त्यावर दिवे लावा, गटारं वाहती ठेवा, कचरा उचला, आणि हे असं करा की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. बाकीचं लोक वर्षानुवर्षं आपापसांत नीट निभावतायत. जे चाललंय ते का चाललंय हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका. आई पोस्टात आहे. ती म्हणाली, "मीही सरकारच की. आधी मलाच कमी करणार का?" बाबा म्हणाले, "तू पत्र घरोघर पोचवतेस, फोडून वाचत नाहीस. असलं सरकार मला चालतं."

इथवर सगळं झकास होतं. मी त्यांच्यासाठी चार पानी भाषणसुद्धा लिहिलं. ते एक स्क्रू शोधत होते, शोधता शोधताच छान म्हणाले.

आणि मग वकिलीणबाई आल्या. तिने बाबांना कायद्याची कलमं समजावून दिली, भाषणं लिहून दिली आणि बसली कुठे, तर माझ्या स्टुलावर. रोज. मी शाळेतून यायचे तर ही स्टुलावर, आणि बाबा काउंटरपलीकडे उभे, वर्गातल्या मुलासारखे मान डोलावत. मी दाराशी दप्तर घेऊन उभी राहायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. एके दिवशी डॉक्टरीणबाई किल्ली मागायला आल्या. बाबांचे हात तेलकट होते. ते सहज म्हणाले, "पोरी, उजवीकडे निळा-पिवळा आहे बघ, तो दे."

पोरी म्हणजे मी नव्हते. तिने हात लांबवून किल्ली काढली. माझा तिळपापड झाला. रात्रीच्या जेवणात मी तीन वेळा मीठ मागितलं आणि एकदाही घातलं नाही.

सभेच्या आदल्या दुपारी बाबा आणि ती घरोघर मतं मागायला गेले होते. दुकानात मी एकटी. तिची किल्ली खालच्या रांगेत असते, जांभळ्या दोऱ्याला एक गाठ. मी स्वतःची समजूत घातली की भाषणात मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर आहे का एवढंच बघायचंय. किल्ली घेतली, तिसरा मजला चढले, कुलूप उघडलं.

खोलीत एक कॉट, पुस्तकांची चळत, खिडकीत उपडा घातलेला एकच कप. टेबलावर भाषण, सात पानं. उत्तर नव्हतं. पण समासात बाबांचं अक्षर होतं, किल्लीवर खूण करायच्या त्यांच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं. तीन ठिकाणी एकच शब्द, उत्तम.

उत्तम. माझ्या वह्यांवर बाबांची सही असते. वक्तृत्वाच्या प्रशस्तिपत्रकाला त्यांनी चौकट करून दिली. पण हा शब्द मला कधी मिळाला नव्हता, आणि तिला एका भाषणात तीनदा. मी सातही पानं वाचली. चांगली होती, हे जास्त झोंबलं. मग घाईघाईने कुलूप लावलं, खाली आले, जांभळा दोरा खिळ्याला अडकवला.

संध्याकाळी ती दुकानात आली. म्हणाली, काका, मी नेहमी कुलूप दोनदा फिरवते, आज एकदाच फिरवल्यावर उघडलं, सैल झालंय बहुतेक. बाबांचा चेहरा उतरला. ते कुलूप त्यांनीच बसवलं होतं. आम्ही वर गेलो. त्यांनी अख्खं कुलूप उतरवलं, एकेक भाग पुसला, तेल दिलं, धडधाकट स्प्रिंग काढून नवी घातली. "माझंच काम कच्चं राहिलं," म्हणाले, आणि तिची माफी मागितली. मी शेजारी उभी राहून टॉर्च धरला होता. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टॉर्चकडे.

इतकं होऊनही दुसऱ्या दिवशी सभेत मी प्रश्न विचारलाच. पोटातला जळफळाट शरमेपेक्षा मोठा होता, दुसरं कारण सांगत नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या वकिलीणबाई कागद उलटेपालटे करू लागल्या. अर्धं मिनिट मला असं गार वाटलं म्हणून सांगू.

बाबांनी भाषणाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"माझ्या दुकानात पासष्ट घरांच्या किल्ल्या आहेत," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षांत मालकाने सांगितल्याशिवाय त्यातली एकही फिरली नाही. माझ्या हातून नाही, माझ्या घरातल्या कुणाच्याही हातून नाही. तुम्ही मला किल्ली देता ती मी ती फिरवणार नाही म्हणून देता. खुर्चीत बसून मला तेवढंच करायचंय. मी नाही गेलो तर ती खुर्ची काही मोकळी राहत नाही. किल्ल्या गोळा करायची हौस असलेला कुणीतरी तिच्यावर बसतो. दिवे, गटारं, कचरा, या तीन किल्ल्या नगरपालिकेने ठेवाव्यात आणि चोख वापराव्यात. बाकीच्या तुमच्या तुम्हांला परत द्यायला मी जातोय." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "विचारणारी माझी मुलगी आहे. प्रश्न उत्तम होता."

टाळ्या थांबेनात. मैत्रिणींनी पाठीत धपाटे घातले, पैज जिंकलीस म्हणाल्या. हवा होता तो शब्द मिळाला होता आणि मी बाबांकडे न बघता खाली बसले.

आज जेवताना बाबांनी ताटाशेजारी एक कागद ठेवला होता. ताईने तयार केलेलं पत्रक, सकाळी छापायला जाणार. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सत्तावीस वर्षं, पासष्ट किल्ल्या, न उघडलेलं प्रत्येक दार.' बाबा ते आईला दुसऱ्यांदा वाचून दाखवत होते. मतदानाला चार दिवस आहेत.

"बाबा, ते छापू नका," मी म्हणाले. "ताईचं कुलूप चांगलं होतं. ते मी उघडलं होतं, फळीवरच्या किल्लीने."

आईचा डाव पातेल्यात तसाच राहिला. बाबांनी कागद उलटा करून ठेवला. मग एकच शब्द विचारला, का.

"तिला तुम्ही तीनदा उत्तम लिहिलं होतं म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. स्क्रू न शोधता. आई हळूच म्हणाली, की चार दिवस जाऊ देत, मतदान झाल्यावर सांगता येईल, नाहीतर या माणसाची सगळी मेहनत पाण्यात जाईल. थांबायला नको असं बाबांना म्हणावंसं वाटत होतं पण ते म्हणाले नाहीत, हे मला दिसत होतं. त्यांच्या करंगळीला अजून त्या कुलपाचं काळं तेल होतं.

मी उभी राहिले. वक्तृत्वात राहते तशी नाही, उष्ट्या हाताने.

"उद्याच्या सभेत मीच सांगणार आहे," मी म्हणाले. "एका जळक्या मुलीच्या हाताशी पासष्ट किल्ल्या होत्या, तर तिने एक फिरवली. आणि तिला तर तुम्ही जन्मल्यापासून ओळखता. मग ज्या कचेरीत सगळ्या गावाच्या किल्ल्या जमा होणार, तिथे रोज किती जणांच्या पोटात दुखत असेल? तुमचं म्हणणं बरोबरच आहे, बाबा. फक्त त्यात आपल्या घराला सूट नको. मतं गेली तर गेली. आणि लोक परत विश्वास टाकेपर्यंत मी फळीला हात लावणार नाही, दोरे ताईला शिकवा. आत्ता मी समोर जातेय, आधी तिला सांगायला हवं. तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचं नाही."