दसऱ्याला सुट्टी मिळालेले कुलूप

मित्रांनो, मी सायकलचे एक जुने साखळी-कुलूप आहे. अंगावरचे निळे प्लास्टिक आता जागोजागी सोलले आहे. माझ्या अख्ख्या नोकरीत सायकल एकदाच चोरीला गेली, आणि त्या वेळी मी देवापुढच्या पाटावर कुंकू लावून बसले होते.

माझा जन्म अलीगढचा, पण आयुष्य गेले नागपुरात, सक्करदऱ्याच्या मनकर्णाबाईंकडे. दुकानांतून साड्या आणायच्या, फॉल-पिको करून पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांचा नवरा खापरखेड्याला वेल्डर होता. त्याने सायकलला स्वतः कॅरिअर बनवून दिले होते. ते इतके रुंद की मागून येणाऱ्याला वाटे, पुढे खाट चालली आहे. पुढे तो आजारपणात गेला, कॅरिअर राहिले. रोज संध्याकाळी मी चाकाला मिठी मारून बसे. माझे कौतुक कुणी केले नाही. काही घडले नाही, एवढेच कुलपाचे कर्तृत्व. त्याचा सत्कार कोण करणार?

सत्कार झाला तो दसऱ्याला. सासरे मारोतराव जन्मभर हातमागावर बसलेले. दसऱ्याला मागाची पूजा करायची आणि त्या दिवशी अवजाराला काम सांगायचे नाही, हा घरचा नेम. माग केव्हाच विकला गेला, नेम विकायचा राहिला. म्हणून कात्री, शिलाई मशीन आणि मिक्सर यांना हळदकुंकू लागले. अंगणात सायकलला झेंडूचा हार चढला. मनकर्णाबाई मला चाकात अडकवणार, तोच मारोतरावांनी अडवले.

"आज त्यालेही आराम दे वं सूनबाई. लोखंडच आहे ना ते."

मला आराम मिळाला. घरची माणसे सोने वाटायला शेजारी गेली आणि परत येईपर्यंत अंगणात झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या उरल्या.

मारोतराव त्या दिवशी जेवले नाहीत. चौकीतल्या शिपायाने समजावले की जुन्या सायकली सापडत नसतात. तक्रार लिहून घेईपर्यंत बाईंनी बाक सोडला नाही. मग सायकल दिसताच लावता यावे म्हणून त्यांनी मला पिशवीत टाकले. साड्या पायी पोचवायच्या आणि वाटेतला एकेक भंगारवाला, पंक्चरवाला पाहत जायचे. जाऊबाई म्हणाल्या, स्कूटी घ्या. बाई 'हो' म्हणायच्या आणि पुढच्या गल्लीत वळायच्या.

दिवाळी उलटल्यावर कळमन्याच्या बाजारात, संत्र्यांच्या ढिगाआड ती दिसली. काळी होती, हिरवी झाली होती. पण तसे कॅरिअर नागपुरात दुसरे नव्हते. चाकाला नवेकोरे कुलूप होते, माझ्याहून बरेच तरुण. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या चाकाला लावले, किल्ली कमरेला खोचली आणि तिथेच उन्हात बसकण मारली.

मालक आला. रुपराव नावाचा हमाल. आपण रोख देऊन घेतली, चोरलेली नाही, असे त्याने आधी बाईंना आणि मग जमलेल्या गर्दीला सांगितले. अर्धी गर्दी त्याच्या बाजूने झाली, अर्धी बाईंच्या. काही जण दोन्हीकडून बोलले.

"कुलूप काढा ना बाई. मले माल न्यायचा आहे."

"पयले तू तुयं काढ गा. मंग मी मायं काढीन."

ऊन चढले, गर्दी कंटाळून पांगली. बाईंनी डबा उघडला, अर्धी पोळी त्याच्यापुढे धरली आणि ते कॅरिअर कोणी बनवले ते सांगितले. रुपरावने पोळी घेतली. पोळी संपवून त्याने कॅरिअरवरून हात फिरवला.

"घेतानाच वाटलं होतं," तो म्हणाला, "इतकी कामाची चीज हा मानूस काहून विकून राहिला."

"मंग विचारलं काहून नाही?"

त्याने खिशातून किल्ली काढली.

त्याचे कुलूप निघाले, मग मी निघाले. रुपराव पाठ फिरवून चालू लागला, पण बाईंचे काम संपले नव्हते. ज्याने विकली त्याचे नाव रुपरावने चौकीत सांगायला हवे होते. "बस मांगं," त्या म्हणाल्या. कॅरिअरवर त्याला ऐसपैस जागा झाली.

मित्रांनो, मी चोराला फक्त उशीर लावू शकते. गेलेली वस्तू परत आणायला उन्हात बसणारे माणूस लागते. म्हणून काही स्वस्तात मिळाले, तर ते कोणाचे आहे हे आधी विचारा. आणि ज्या वस्तूसाठी तुम्ही असे उन्हात बसाल, तिला सणासुदीलाही कुलूप लावा. आम्हाला आरामाची हौस नाही.